कामावर गेलेल्या माणसाच्या मरणाची नोंद

(२०१७ च्या दिवाळीनंतर झालेल्या तालुका मेळाव्यातलं भाषण. टोळ्या निघायच्या आत पाड्यापाड्यावर वाचून दाखवावं म्हणून लिहून काढलं आहे. बोलण्यात आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



सकाळपासून आपण जमिनीचंच बोलतोय. दावे कुठं अडकले, मोजणी कुणी चुकीची केली, चार एकर कसणाऱ्याला सव्वा एकराचा कागद का दिला. ते बोलणं संपलेलं नाही, जेवणानंतर पुन्हा होईल. मधल्या वेळात आम्हाला दुसरा विषय मांडायला सांगितलाय. दुसरा म्हणतोय खरा, पण तो जमिनीला लागूनच आहे. ज्याच्या हातात सव्वा एकराचा कागद पडला, तो बाकीचं पोट भरायला कुठं जातो? ऊसतोडीला, वीटभट्टीला, खडी फोडायला, गुजरातेत कुणाच्या शेतावर भागानं. आणि गेलेला प्रत्येक जण परत येतोच असं नाही. काही तिकडंच जातात. काही घरी येतात आणि वर्षा-दोन वर्षांत खाटेवर खोकून खोकून जातात. त्यांच्याबद्दल बोलायचंय.

आधी आमचीच चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायला तोंड नाही.

२०१६ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आपल्यातल्याच एका पाड्यावरचा पोरगा, वय पंचवीस, बायकोला घेऊन दक्षिण गुजरातेत तोडीला गेलेला. रात्री ट्रक भरत होते. तुम्हाला माहीत आहे ते काम. दिवसभर कोयता चालवायचा, आणि कारखान्याची गाडी रात्री दोनला आली की उठून मोळ्या चढवायच्या. ट्रकला फळी लावलेली, डोक्यावर मोळी, अंधार, पानांवर दव. त्याचा पाय घसरला आणि तो मानेवर पडला. जागेवरच गेला म्हणतात. गाडी भरायची राहिली होती, ती बाकीच्यांनी भरली, कारण गाडी थांबली तर दंड टोळीला बसतो. मग मुकादमानं जीप आणली. दवाखान्यात नेऊ असं दोघं-तिघं म्हणाले. मुकादम म्हणाला, तिथं नेलं तर पोलीस येतील, चिरफाड होईल, चार दिवस प्रेत मिळणार नाही, त्यापेक्षा घरी नेऊ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रेत पाड्यावर आलं.

त्याच रात्री एक कागद झाला. छातीत कळ येऊन मयत, कुणावर संशय नाही, कुणाबद्दल तक्रार नाही. उरलेली उचल माफ, वर पंधरा हजार रोख. खाली बायकोचा अंगठा. साक्षीदार म्हणून दोन सह्या, त्यातली एक आपल्या संघटनेच्या कार्यकर्त्याची. त्याला आम्ही दोष देत नाही, त्या रात्री आम्हीही तिथं बसलेलो होतो. आम्हाला वाटलं, बरं झालं, निदान उचल तरी फिटली, नाहीतर बाईला दीराबरोबर पुन्हा तोडीला जावं लागलं असतं. जमिनीचा कायदा आम्हाला पाठ होता. हा कायदा माहीतच नव्हता.

पुढं ग्रामसेवकाकडं मृत्यूची नोंद झाली. त्यानं विचारलं, कुठं मेला? घरच्यांनी सांगितलं, छातीत दुखून गेला. त्यानं लिहिलं, राहत्या घरी. आता सरकारी वहीप्रमाणं हा पोरगा गुजरातेत गेलाच नव्हता. तो ऊसतोड कामगार नव्हता. ट्रकवरून पडला नव्हता. आपल्या घरात झोपला आणि मेला. आणि हे सगळं आपल्याच तोंडानं, आपल्याच अंगठ्यानं झालं.

हे एकाचंच आहे का? आम्ही मागच्या वर्षभरात पाड्यांवर फिरून विचारलं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी निघालंच. भट्टीवर भिंत अंगावर आली. पडावावर खोपीत झोपलेल्या बाईला साप चावला. ट्रॉली उलटली. विहिरीवर पाणी भरताना गेली. एका ठिकाणी उसाच्या पाचटात झोपवलेलं लेकरू ट्रॅक्टरखाली आलं, त्याला तर कुणी कामगार म्हणणारच नाही, पण आईबाप कामावर नसते तर ते तिथं झोपलं असतं का? आणि बायांचं काय होतं ते बघा. मुकादमाच्या वहीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. नाव फक्त नवऱ्याचं. बाई मेली तर ती कामावर होती हे दाखवायला त्या वहीत तिचं नावसुद्धा नसतं.

आता हे सरकारदरबारी कसं पोचतं? पोलिसांपर्यंत गेलंच, तर अकस्मात मृत्यूची नोंद होते. वर्षाच्या शेवटी देशभरच्या अशा नोंदींचं एक मोठं पुस्तक निघतं. त्यात रकाने आहेत. रस्ता अपघात, उंचावरून पडून, बुडून, सर्पदंश, बांधकाम कोसळून. कारखान्यातल्या किंवा यंत्रावरच्या अपघाताचाही एक रकाना आहे. पण आपला माणूस ट्रॉलीखाली गेला तर तो रस्ता अपघातात, विहिरीत गेला तर बुडण्यात, साप चावला तर सापात. तो त्या वेळी कुणाच्या कामावर होता, हे विचारणारा रकाना नाही. मग वाचणाऱ्याला वाटणार, साप फार झालेत.

दुसरी वही कारखाना निरीक्षकाची. १९४८ चा कारखाना कायदा सांगतो की कामावर माणूस मेला, किंवा दोन दिवस कामावर येऊ शकणार नाही एवढा जखमी झाला, तर मालकानं कळवलं पाहिजे. चांगला कायदा आहे. पण कारखाना कशाला म्हणायचं? वीज वापरत असेल तर निदान दहा माणसं, वीज नसेल तर वीस. राजस्थाननं २०१४ साली तो आकडा वीस आणि चाळीस केला. म्हणजे काल जो कारखाना होता तो आज कारखाना राहिला नाही, आणि तिथं मेलेला माणूस कारखान्यात मेला नाही. अशा रीतीनं मरणं कमी होतात. आणि उसाचं शेत तर कुठल्याच हिशोबानं कारखाना नाही. ज्या कारखान्यासाठी ऊस तोडला त्याची चिमणी दोन कोसांवरून दिसते, पण मेला तो शेतात.

सरकार म्हणतं, कामावरचे मृत्यू घटत चाललेत. आम्ही असं म्हणत नाही की हे सगळं खोटं आहे. कोळशाच्या खाणींचं उदाहरण घ्या. शंभर वर्षांपूर्वी हजार खाणकामगारांमागं जेवढे मरायचे, त्यापेक्षा आता बरेच कमी मरतात. हे झालं कशानं? तिथं पहिल्यापासून मोजणी आहे. खाणीत माणूस मेला की धनबादच्या खाण सुरक्षा कार्यालयाला कळवावंच लागतं, चौकशी होते, छत कोसळून किती, वायूनं किती, गाडीखाली किती हे वेगवेगळं लिहिलं जातं. मोजलं म्हणून कळलं, कळलं म्हणून युनियनला भांडता आलं. पण तिथंसुद्धा बघा काय चाललंय. कायम नोकरीचे कामगार कमी होतायत आणि खोदाईचं काम ठेक्यावर जातंय. गेल्या डिसेंबरात झारखंडात गोड्डा जिल्ह्यात लालमाटियाच्या उघड्या खाणीत ढिगारा कोसळून २३ माणसं गाडली गेली. काम ठेक्यावरचं होतं.

आणि त्याची बातमी का झाली? कारण २३ जण एकदम गेले. १९७५ साली धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी शिरून पावणेचारशे माणसं गेली, त्यावरून पुढं सिनेमासुद्धा निघाला, ‘काला पत्थर’, तुमच्यातल्या थोरांनी व्हिडिओवर बघितला असेल. एका दिवशी, एका जागी, खूप माणसं मेली तर फोटोवाला येतो, मंत्री येतो. पण तेवढीच माणसं जर एकेक करून, शंभर पाड्यांवर, दहा वर्षांत मेली तर?

तर काय होतं ते सांगतो. हे लांबचं नाही, नर्मदेच्या पलीकडचं आहे. आपल्यातल्या कितीकांचे सोयरे तिकडं आहेत.

अलिराजपूर, झाबुआ, धार. तिथले भिल्ल, भिलाला दुष्काळाच्या वर्षांत गुजरातेत गोध्रा आणि बालासिनोरकडं गेले. काम काय? गारगोटी फोडून तिचं पीठ करायचं. हे पीठ काचेच्या कारखान्यांना लागतं. बंद शेडमध्ये यंत्र चालू, पांढरी धूळ एवढी की शेजारचा दिसत नाही, आणि पिशव्या भरायच्या. ही साधी धूळ नाही. रस्त्याची माती नाकात गेली तर शेंबडाबरोबर येते. गारगोटीचं पीठ इतकं बारीक की थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतं आणि परत निघत नाही. तिथं जखम होते, जखमेचा वण होतो, वण वाढत जातो, आणि स्पंजासारखं असतं ते फुफ्फुस घट्ट होऊन बसतं. काम सोडलं तरी ते थांबत नाही. त्याला सिलिकोसिस म्हणतात. औषध नाही. बरं, साध्या खाणीत हा रोग व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. या शेडमध्ये धूळच एवढी की काही महिने काम केलेली पोरंसुद्धा गेली.

घरी आल्यावर काय होतं? धाप लागते, खोकला, अंग झडतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणतो, टीबी. गोळ्या सुरू. सहा महिने खाल्ल्या, उतार नाही. पुन्हा सुरू. भगताकडं नेलं, बकरा गेला. खाजगी डॉक्टरकडं नेलं, बैल गेले. शेवटी माणूस गेला आणि वहीत लिहिलं टीबी. हेही खरं की सिलिकोसिस झालेल्या छातीत टीबी लवकर शिरतो, म्हणून डॉक्टरचं अगदीच खोटं नसतं. पण डॉक्टरनं एक प्रश्न विचारायचा होता: तू कुठं काम करत होतास? कारखाना कायद्यात लिहिलंय की अशा रोगाचा कामगार तपासणाऱ्या डॉक्टरनं कारखाना निरीक्षकाला कळवलं पाहिजे. नाही कळवलं तर दंड. किती? जास्तीत जास्त हजार रुपये. आपल्याकडं जंगलातून सागाचं लाकूड आणलं तर याहून जास्त घेतात.

मग तिकडच्या संघटनेच्या लोकांनी स्वतःच मोजायला घेतलं. २००५ च्या सुमारास २१ गावं फिरले. त्या गावांतून धुळीच्या कामाला गेलेले ४८९ जण सापडले. त्यातले १५८ मेले होते आणि २६६ आजारी होते. चारशे एकोणनव्वदमधून हे दोन आकडे वजा करा, धडधाकट किती उरले ते तुम्हीच बघा. पुढं २०१२ पर्यंत तीन जिल्ह्यांतली १०२ गावं झाली. १७०१ माणसांची यादी झाली, त्यात ५०३ मेलेले. चासनालापेक्षा जास्त. एकाही मरणाच्या दिवशी फोटोवाला आला नव्हता.

कारखानदारांचं म्हणणं एकच, ही आमची माणसं नाहीत. हजेरीपटावर नाव नाही, ओळखपत्र नाही, पगाराची पावती नाही. पुरावा कुठाय? हा प्रश्न तुमच्या कानाला ओळखीचा आहे की नाही?

तरी ते सुप्रीम कोर्टात टिकले. २००६ साली याचिका होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तपास केला आणि २०१० साली सांगितलं की २३८ मृतांच्या घरच्यांना गुजरात सरकारनं तीन-तीन लाख द्यावेत. गुजरात सरकारनं दिले नाहीत. शेवटी गेल्या वर्षी मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं हुकूम केला, द्या. मोजणीपासून हुकूमापर्यंत दहा-अकरा वर्षं. आणि हेही लक्षात घ्या की पैसे २३८ जणांचे, यादीत मेलेले पाचशेच्या वर. मधले बाकीचे अजून दारात उभे आहेत.

जगातल्या कामगार संघटनेनं, जिनिव्हाच्या, याच वर्षी एक अंदाज सांगितलाय. जगात दरवर्षी कामामुळं सुमारे २७ लाख ८० हजार माणसं मरतात. त्यातली अपघातानं ३ लाख ८० हजार. बाकीची २४ लाख कामातून आलेल्या आजारानं. म्हणजे सात माणसं मेली तर एक अपघातात आणि सहा जण घरी, खाटेवर. पेपरात येतो तो एक. आला तर.

आता आपल्या राज्यातलं, अगदी ताजं. यवतमाळ जिल्ह्यात यंदाच्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. कित्येकांचे डोळे गेले होते, काहींना खाटेला बांधून ठेवावं लागलं. मेलेल्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारायला गेलेले मजूर बरेच. दवाखान्यात रुग्ण जुलैपासून येत होते. राज्याला कळलं ते सप्टेंबर संपता संपता, पेपरवाल्यांनी लावून धरलं तेव्हा. कीटकनाशकांच्या १९६८ च्या कायद्यात कलम २६ आहे. विषबाधेची प्रत्येक घटना कळवायला लावायचा अधिकार राज्य सरकारला त्यात दिलेला आहे. तो अधिकार नीट वापरला असता तर जुलैतल्या मरणांनी सप्टेंबरातली वाचवली असती. आणि चौकशीत पहिला सवाल काय? मास्क का नाही घातला, वाऱ्याच्या उलट दिशेला का फवारलं. मेलेल्यालाच विचारायचं.

तर मग आपण काय करायचं.

पुरावा कसा तयार होतो हे आपल्याला शिकवायची गरज नाही. वनहक्काचा कायदा आला तेव्हा अधिकारी म्हणाले, तुम्ही २००५ च्या आधीपासून कसताय याचा कागद दाखवा. आपल्याकडं कागद कुठला? जंगल खात्यानं दंड केला त्याच्या पावत्या आपल्या म्हाताऱ्यांनी चुलीवरच्या शिंक्यात जपून ठेवल्या होत्या. ज्या पावतीनं आपल्याला चोर ठरवलं तीच आपला पुरावा झाली. आणि जिथं तीही नव्हती तिथं नियम १३ नं सांगितलं की गावातल्या थोरांचं सांगणं, लिहून घेतलेलं, हाही पुरावा. डाह्या माणसांनी ओट्यावर बसून सांगितलं, हा बांध याच्या आज्यानं घातला, आणि वनहक्क समितीनं ते लिहून घेतलं. आपण जमिनीचा पुरावा गावात बसून केला. माणसाचा का नाही केला?

माणसाच्या बाबतीतला कायदा थोडक्यात सांगतो. १९२३ चा आहे, कर्मचारी नुकसानभरपाईचा. त्यातल्या चार गोष्टी आम्हाला त्या फेब्रुवारीच्या रात्री माहीत असायला हव्या होत्या.

माणूस कामात मेला तर भरपाई मालकानं आयुक्ताकडं भरायची असते. कलम ८. वारसाच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई धरलीच जात नाही. म्हणजे ते पंधरा हजार ही भरपाई नव्हती. आणि हक्क सोडला असं लिहून घेतलेला कागद कलम १७ प्रमाणं रद्द. म्हणजे तो अंगठा आणि आपली ती सही, दोन्हीला हक्कापुरती किंमत नाही. हे कळलं तेव्हा आम्हाला हसावं की रडावं कळेना. मुकादम म्हणतात, तो दारू प्यालेला होता, काही मिळणार नाही. माणूस मेला असेल तर ही सबब चालत नाही. जखमेला चालते, मरणाला नाही. आणि ठेकेदारानं काम दिलेलं असलं तरी मूळ मालकाकडं मागता येतं, कलम १२. दावा करायला सुरतेला जायची गरज नाही, १९९५ च्या दुरुस्तीनंतर वारस राहतो त्या भागातल्या आयुक्ताकडं करता येतो. मुदत दोन वर्षं.

हातानं ऊस तोडणारा या कायद्यात बसतो का, यावर वकील भांडतील, आणि ते भांडण सोपं नाही हे आधीच सांगून ठेवतो. पण ट्रक भरणारा-उतरवणारा कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सरळ लिहिलेला आहे. आणि सिलिकोसिस तिसऱ्या परिशिष्टात.

पैसे किती? महिन्याच्या मजुरीचा अर्धा भाग, गुणिले वयाप्रमाणं ठरलेला आकडा. पंचविसाव्या वर्षाचा आकडा २१६.९१. मजुरी महिना ६,००० सिद्ध झाली तर ३,००० गुणिले तो, म्हणजे साडेसहा लाख. मजुरी कितीही कमी धरली तरी १ लाख २० हजाराच्या खाली जात नाही. पंधरा हजार आणि साडेसहा लाख. माणसाची किंमत पैशात नाही हे आम्हालाही कळतं, पण त्या बाईची दोन लेकरं आहेत आणि ती या वर्षीही कोयता घेऊन जाणार आहे.

आणखी एक कायदा, १९७९ चा, एका राज्यातून दुसऱ्यात नेलेल्या मजुरांचा. पाच किंवा जास्त माणसं नेणाऱ्या ठेकेदारानं, कुणी मेलं तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि घरच्यांना कळवायचं, असं त्यात कलम १६ मध्ये आहे. आम्ही आजवर असं एकही पत्र पाहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर दाखवा, फ्रेम करून लावू.

आम्ही प्रत्येक पाड्यासाठी एक वही आणलीय. दोनशे पानी, साधी. वनहक्क समितीच्या दप्तरातच ठेवायची. टोळी निघायच्या दिवशी तिच्यात लिहायचं: कोण कोण चाललंय, बायकांची नावं वेगळी, लेकरांचीही, वयं, कुणाच्या टोळीत, मुकादमाचं नाव-गाव-फोन, कुठल्या कारखान्यासाठी, उचल किती घेतली, कुठल्या गाडीत बसले तिचा नंबर. शाळेतली पोरं हे लिहू शकतात. परत आले की कोण आलं, कोण नाही, का नाही. धुळीच्या कामाला गेलेल्याचं वेगळं पान, कुठल्या शेडला, किती महिने, आता धाप लागते का. एक्स-रे आणि दवाखान्याचे केसपेपर टाकू नका, पट्ट्याबरोबर ठेवा. डॉक्टरनं विचारलं नाही तरी आपण सांगायचं, मी गारगोटीच्या शेडला होतो, हे कागदावर लिहा. तो कुरकुरेल. लिहायला लावा.

कुणी तिकडं मेलंच, तर दवाखाना आणि पंचनामा. चिरफाडीची भीती आम्हाला कळते. आपल्यात ते अपवित्र मानतात, प्रेताला उशीर झालेला चालत नाही, म्हाताऱ्या रडतात. पण चिरफाड झाली नाही तर मान मोडून मेलेला छातीच्या कळेनं मेला असं लिहिलं जातं. आणि मरणाची नोंद २१ दिवसांच्या आत, जिथं मेला तिथली जागा सांगून. ‘राहत्या घरी’ असं खोटं सांगायचं नाही, ग्रामसेवकाला सोपं पडतं म्हणून तर नाहीच.

एक गोष्ट अवघड आहे, ती लपवत नाही. मुकादम परका नाही. त्या पोराचा मुकादम त्याच्या बायकोचा चुलतभाऊ आहे. तो आज इथं बसलेला नाही, पण त्याची माणसं आहेत आणि ऐकतायत. त्याच्याही डोक्यावर कारखान्याची उचल आहे, टोळी कमी पडली तर त्याचे बैल जातील. आमचं भांडण त्याच्याशी नाही, दावा लागेल तो ज्याच्यासाठी ऊस तोडला त्याच्यावर. हे आम्ही त्याच्या घरी जाऊन त्याला सांगितलंय. तो काही बोलला नाही. चहा मात्र दिला.

त्या पोराच्या मरणाला येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतात. बाई तयार आहे. पंचनामा नाही, चिरफाड नाही, दवाखान्याचा कागद नाही. आहेत ते फक्त बघणारे. त्या रात्री त्या ट्रकवर आठ जण होते. त्यातला एक गेला. उरले सात. त्यातले पाच जण आत्ता या मांडवात बसलेत, आम्ही मुद्दाम नाव घेत नाही. टोळ्या पुढच्या आठवड्यात निघतील आणि मग तुम्ही होळीपर्यंत सापडणार नाही. तुम्ही पाहिलं ते लिहून द्यायचं असेल तर सोमवारी. वकील तालुक्याला दिवसभर थांबणार आहेत. पहिली गाडी सातला खालच्या फाट्यावरून सुटते, भाडं संघटना देईल. बाई त्याच गाडीत असेल.

आणि वह्या त्या खांबाजवळ ठेवल्यात. जाताना प्रत्येक पाड्यानं एक उचला आणि सही करून घ्या.